साखळी एक, जबाबदारी मात्र तुटक

समुद्रापलीकडचे खनिज तेल मुंबईत शुद्ध होते, नळवाहिनीने लोणी काळभोरला येते आणि टँकरने गावोगावी जाते. अशा साखळीत माल कोठेच अडत नाही. अडतो तो कामगाराचा हक्क. कंत्राटी कामगाराने संघटना उभारली, की बोलणी कोणाशी करायची, हेच त्याला उमगत नाही.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात संघटना हा नैसर्गिक हक्क मानला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७ व ९८ क्रमांकांच्या करारांना मात्र भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे: ज्याच्या नावाने माल विकला जातो, त्यानेच शेवटच्या कामगाराच्या संघटनेशीही बोलावे. रविवारी मिस्सेला जाणाऱ्या आम्हांला याविषयी मौन शोभत नाही.