भुशीच्या पठाराचा पुरावा कपाटांत कुजू देऊ नका

जुलैमधल्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून १८६०च्या दशकात बांधलेले हे धरण आज मुंबई-पुण्याचे हक्काचे पावसाळी ठिकाण झाले आहे. गर्दी पाण्यापाशीच थांबते. आसपासच्या कातळांवर आणि उतारांवर, बोटभर मातीच्या थरात, त्याच आठवड्यांत फुलांचा हंगाम सुरू होतो. पांढरे गेंद, बारीक किडे पकडून पोट भरणारी सीतेची आसवं, पिवळा कवला, ओल्या सावलीतला सापकांदा, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच डोंगर निळा-जांभळा करणारी कारवी. पाऊस ओसरला की थोड्याच आठवड्यांत बरेचसे संपून जाते.

या पठारांवर ऐंशी वर्षांपूर्वी नेमके काय उगवत होते? कुठली जात बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या पायाखाली गेली, कुठली टिकली, कुठली बाहेरून आली? याचे उत्तर कोणाच्या आठवणीवर सोडता येत नाही. ते कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांद्यांत, बाटल्यांतल्या माशांत, भुसा भरलेल्या पक्ष्यांत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेल्या रेखाचित्रांत आहे. हा पुरावा आज धोक्यात आहे, आणि तो वाचवायला तुम्ही पुढे यावे म्हणून हा लेख लिहितो आहे.

लोणावळा-खंडाळ्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची पहिली मोठी सूची करणारा जॉन ग्रॅहॅम टपाल खात्यात अधिकारी होता. १८३९ साली त्याची सूची छापली जात असतानाच खंडाळ्यात त्याचा मृत्यू झाला, आणि उरलेले काम त्याचा मित्र निम्मो याने पुरे केले. शंभर वर्षांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्पॅनिश जेझुइट प्राध्यापक फादर एर्मेनेखिल्द सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे पायाखाली घातले. भर पावसातही ते वेचणी करत राहिले आणि १९५३ साली ‘द फ्लोरा ऑफ खंडाळा’ हा त्यांचा ग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केला. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले, १९६७ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. एका छोट्या थंड हवेच्या गावाच्या वनस्पतींवर एवढा तपशीलवार ग्रंथ असावा, हे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या गावांना लाभले आहे. त्या ग्रंथाचा पाया असलेले नमुने सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळक्या वनस्पतींच्या संग्रहात आहेत. तिथे आज सुमारे दोन लाख नमुने आहेत.

वाळका नमुना म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. फुला-फळासह फांदी घ्यायची, ती वर्तमानपत्रात किंवा टीपकागदात पसरून दोन फळ्यांमध्ये दाबायची. पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. वाळली की किडीपासून बचावासाठी औषध लावायचे, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठी लावायची: नाव, ठिकाण, तारीख, वेचणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक, फुलाचा रंग, जमीन कशी होती ती नोंद. त्या कागदाचा प्राण त्या चिठ्ठीत असतो. चिठ्ठी गेली की उरतो तो पाचोळा. चिठ्ठी असली की तोच कागद सांगतो, अमुक वर्षी अमुक तारखेला अमुक ठिकाणी ही वनस्पती फुलली होती. कारवी कुठल्या वर्षी फुलली, पावसाचे वेळापत्रक बदलल्यावर रानफुले आधी येऊ लागली की उशिरा, हे तपासायला अशा तारखांइतका भक्कम आधार नाही.

पण वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, आकार चपटा होतो. तिथे चित्रकाराचे काम सुरू होते. गेंदाच्या जाती लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक फुलोऱ्यातल्या इवल्याशा फुलांत, त्यांच्यावरच्या केसांत, बियांच्या पृष्ठभागावर असतो. मोबाइलच्या एका फोटोत हे सगळे एकत्र दिसणे अशक्य. चित्रकार फूल सूक्ष्मदर्शकाखाली उकलतो, प्रत्येक अवयव मोजतो, शेजारी मापाची रेघ ओढतो आणि छायेसाठी काळ्या शाईचे एकेक ठिपके देतो. कीड लागलेले पान, मोडलेली पाकळी तो वगळतो आणि पाच नमुने पाहून त्या जातीचे खरे रूप एका पानावर आणतो. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर निघालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ घ्या. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यातल्या चित्रांवर लिनियससारख्या शास्त्रज्ञाने विसंबून नावे दिली, आणि आजही कित्येक नावांना आधार त्या चित्रांचाच आहे.

आपल्या इंद्रायणीचेच उदाहरण पाहा. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे देहू-आळंदीला जाते. कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर त्यांची चित्रे लंडनमध्ये छापली गेली. ‘नुक्ता’ या माशाचे शास्त्रीय वर्णन त्याने चाकणजवळच्या इंद्रायणीतल्या माशावरून केले. महसीरची ‘खुद्री’ ही जातही पुण्याच्या नदीतून त्यानेच जगापुढे आणली. त्याच महसीरची पैदास पुढे लोणावळ्यात वळवण धरणाजवळ टाटांच्या केंद्रात झाली. साइक्सने वर्णन केलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज कुठेच सापडत नाहीत. म्हणून कुठला मासा कुठला, यावर अभ्यासकांना त्याच्या शब्दांवर आणि चित्रांवरच वाद घालावा लागतो. नमुना टिकला असता तर एका दिवसात निकाल लागला असता. नुक्ता आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो. इंद्रायणीत तो होता, हे ठामपणे सांगता येते ते त्या जुन्या नोंदीमुळे.

खंडाळ्याच्या मातीत राहणारा एक देवगांडूळ तर थेट संग्रहालयाच्या बाटलीतून उजेडात आला. एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली खंडाळ्याच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि त्याला ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबी या सरीसृपतज्ज्ञाचे नाव दिले. नमुना जपला गेला नसता तर या प्राण्याची ओळख पटायला आणखी किती काळ गेला असता कोण जाणे.

जुन्या नमुन्याचे बळ किती मोठे असते, हे रानपिंगळ्याच्या कहाणीवरून कळते. हे लहानसे घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणालाच दिसले नव्हते. जगभरच्या संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी होती. त्यांपैकी एक कर्नल माइनर्ट्झहागेन याने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी ते कातडे बारकाईने तपासले, त्याचे क्ष-किरण चित्र घेतले. आतली भरणी आणि बांधणी पाहून कळले की ते मुळात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने तयार केले होते. ते चोरून त्याच्यावर खोटी चिठ्ठी चढवली होती. खोटी नोंद बाजूला सारली तेव्हा शोधाची दिशा सुधारली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याच्या परिसरात जिवंत रानपिंगळा दिसला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने नीट भरलेल्या कातड्यामुळे महाराष्ट्राला आपला पक्षी परत मिळाला.

नमुना जमवणाऱ्याला पुढच्या पिढीचे प्रश्न ठाऊक नसतात. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी जमवलेली शिकारी पक्ष्यांची अंडी १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी मोजली, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कवच पातळ होत गेल्याचे दिसले. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धचा तो मोठा पुरावा ठरला. त्यातली जुनी अंडी गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचे नावही ऐकले नव्हते. आपल्या कपाटांतही उद्याच्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ती आज फेकली तर पुन्हा मिळवता येणार नाहीत.

हा वारसा परक्यांनी उभारून आपल्याला दिला, असेही कोणी समजू नये. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत जी आठ माणसे एकत्र आली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. आज त्या संस्थेकडे लाखाहून अधिक नमुने आहेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये हर्बेरियम सांभाळणारे एन. बी. रानडे सह्याद्री पालथा घालत होते. आंबा घाटात मिळालेल्या सोनघंटेच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली पुण्यात उभ्या केलेल्या संस्थेचे हर्बेरियम आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

मात्र चित्रकाराच्या बाबतीत आपण फार अन्याय केला आहे. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानासाठी त्याचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती काढणारा बहुधा पोर्तुगीज वंशाचा भारतीय होता, एवढेच कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. चित्रे परदेशात सुरक्षित राहिली, चित्रकार इथे विसरला गेला.

आता धोक्याकडे वळू. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतल्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाला आग लागली. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले आणि तिथल्या सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक नष्ट झाल्या. आग तरी बातमीत येते. आपल्याकडचा नाश मुकाट चालतो. सह्याद्रीतल्या पावसाळी हवेत कागदाला बुरशी धरते, कसर आणि भुंगे वाळकी पाने खातात, बाटलीतला द्रव उडून जातो आणि मासा सुकून काळा पडतो. राखणारा माणूस निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. नवीन वर्गखोली हवी म्हणून कपाट व्हरांड्यात येते, व्हरांड्यातून रद्दीत जाते. ही वेळ कुठल्याही महाविद्यालयावर येऊ शकते, म्हणून ती येण्याआधी हलले पाहिजे.

माझे पहिले आवाहन महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र विभागांना. या वर्षी तुमच्या कपाटांतल्या प्रत्येक नमुन्याची यादी करा. चिठ्ठी निघाली असेल तर लगेच त्याच कागदावर चिकटवा, चुकूनही नवी लिहून जुनी टाकू नका. सांभाळणे जमत नसेल तर फेकण्याआधी पुण्यातल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाला, आकुर्डीच्या भारतीय प्राणि सर्वेक्षणाच्या केंद्राला, आघारकर संस्थेला किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला विचारा.

दुसरे आवाहन विद्यापीठांना आणि शासनाला. हर्बेरियम आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या माणसाची जागा रिकामी ठेवू नका. प्रत्येक नमुन्याचा चिठ्ठीसह स्वच्छ फोटो काढून तो सर्वांना खुला करा. चिठ्ठ्यांवरची जुनी अक्षरे वाचून नोंदवायला विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक आनंदाने येतील, त्यांना बोलवा. आणि एक चांगले शास्त्रीय रेखाचित्र काढायला लागणारे दिवस संशोधनाच्या हिशेबात धरा.

तिसरे आवाहन कलाशिक्षकांना. जे. जे. आणि अभिनवसारख्या कलामहाविद्यालयांतल्या हातांत ताकद आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांत सूक्ष्मदर्शक आहेत. दोघांना एका टेबलाशी बसवा. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापा, दापोडीची चूक पुन्हा होऊ देऊ नका.

चौथे आवाहन लोणावळा-खंडाळ्याच्या आणि मावळातल्या लोकांना. तुमच्या गावात एक खोली या पठारांसाठी राखा. तिथे सांतापावांचा ग्रंथ, खंडाळ्याच्या नमुन्यांचे फोटो आणि इंद्रायणीच्या माशांची चित्रे ठेवा. शाळांनी दर पावसाळ्यात मुलांना पठारावर न्यावे आणि एक झाड, एक फूल जागेवरच, न तोडता, काढायला लावावे. खाली तारीख आणि ठिकाण लिहायला शिकवावे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांना लोकांच्या जैवविविधतेच्या नोंदवह्या करायच्या आहेत, ही चित्रे तिथे लावा. नमुने गोळा करणे मात्र परवानगी घेतलेल्या अभ्यासकांवर सोडा. भुशीला येणाऱ्या पाहुण्यांनाही एवढेच सांगणे आहे: कातळावरची फुले तुडवू नका आणि उपटू नका.

आणि वाचकहो, तुमच्या घरी आजोबांनी दाबून ठेवलेली पाने असतील, काकांची पक्ष्यांच्या नोंदींची वही असेल, आईने काढलेली रानफुलांची चित्रे असतील, तर ती रद्दीत घालू नका. मागे ठिकाण आणि साल लिहा, आणि जवळच्या संस्थेला दाखवा. मावळचे डोंगर आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत, पण ते आधी कसे होते याचा पुरावा अजून आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या गावातल्या महाविद्यालयात जा, ते कपाट उघडायला सांगा आणि आत काय उरले आहे ते बघा.