पागोळीचें पाणी

रत्नागिरीच्या बाजूस सड्यावर आमची लहानशी आंब्याची बाग असून तींत राखणदाराच्या कुटुंबासाठीं बांधलेली एक कौलारू खोपी आहे. कोंकणांत पाऊस उदंड; परंतु जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाहीं, व फाल्गुन सरतां सरतां सड्यावरील विहिरी तळ दाखवूं लागतात. मग राखणदाराची बायको दोन्ही वेळां उतरण उतरून खालच्या वाडींतून डोक्यावर हंडे आणी. "यंदाचा उन्हाळा कसाबसा काढतें, पुढल्या वर्षाला दुसरें माणूस बघा," असें तिनें एका वैशाखांत आम्हांस ऐकविलें, तेव्हां आम्हांस जाग आली.

आम्ही हिशेबास बसलों. खोपीचें छप्पर २० फूट लांब व १५ फूट रुंद, म्हणजे सुमारें २८ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. तिकडे वर्षास ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पांचवा हिस्सा सांडला असें धरलें तरी ६७,००० लिटर पाणी आमच्या डोळ्यांदेखत पागोळ्यांवाटे वाहून जात होतें! उलट चार माणसांच्या पिण्यास व स्वयंपाकास रोज ४० लिटर लागतात. पाऊस उघडल्यापासून मृगापर्यंत २४० दिवस धरल्यास ९,६०० लिटर. म्हणजे उणीव पावसाची नव्हती, टाकीची होती. कान्हेरीच्या लेण्यांत विहारांपाशीं खडकांत पोढी खोदलेल्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

१० फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट खोल अशी पक्की टाकी जोत्यालगत बांधविली, पत्र्याची पन्हळ लाविली, आणि येथेंच आमचा उतावळेपणा नडला. मृगाची पहिली सर आली तशी आम्हीं नळी टाकींत सोडली. आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा व पांखरांची घाण सारी आंत गेली. नवरात्राच्या सुमारास पाण्यास वास येऊं लागला व टाकी उपसून टाकावी लागली. त्या उन्हाळ्यांत हंडे पुन्हां चढले. ती बाई कांहीं बोलली नाहीं, हेंच आम्हांस अधिक लागलें. घरीं काकूंनीं मात्र तोंडावर विचारिलें, "अरे, पहिल्या पागोळीचें पाणी आपल्या घरांत कधीं कोणीं हंड्यांत धरलें होतें का?"

दुसऱ्या वर्षीं ज्येष्ठ-आषाढाचें पाणी बागेंत सोडून दिलें. पावसानें कौलें स्वच्छ धुतलीं, मग श्रावणांत नळी टाकीकडे वळविली. घाईचें कारणच नाहीं. १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसांत या छपरावरून दोन हजारांहून अधिक लिटर पाणी येतें. मध्यें उघडीप पडल्यास पुढच्या सरीच्या पहिल्या चार-पांच घागरी बाहेर सोडाव्या. नळीच्या तोंडास बारीक जाळी हवी, व टाकीस घट्ट झांकण. उजेड आंत गेला कीं शेवाळ धरतें, आणि फट राहिली तर डांस अंडीं घालतात. पिण्याचें पाणी उकळूनच घ्यावें. टाकी भरल्यावरचें पाणी आम्हीं चर खणून विहिरीच्या वरच्या अंगास मुरूं दिलें आहे. त्याचा गुण किती तें सांगण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागतील.

यंदा मृगाच्या आदल्या दिवशीं टाकींत बांबू बुडवून पाहिला, तों वीतभर पाणी शिल्लक होतें. राखणदाराची बायको जवळच उभी होती. आतां गुरांसाठीं दुसरी टाकी केव्हां बांधतां, असें तिनें विचारिलें. तो हिशेब आम्हीं अद्याप मांडिलेला नाहीं.