देवदूतांच्या नगरीत सैन्य

लॉस एंजेलिस ह्या नावाचा अर्थ देवदूत असा आहे. स्पेनच्या अमलात १७८१ मध्ये वसलेली, नंतर मेक्सिकोकडे गेलेली आणि १८४८ च्या तहाने अमेरिकेस मिळालेली ही नगरी. तिच्या रहिवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांचा जन्म परदेशांत झालेला आहे. ह्या नगरीत ६ जून २०२५ रोजी मध्यवर्ती सरकारच्या इमिग्रेशन खात्याचे सशस्त्र अधिकारी तयार कपड्यांच्या एका घाऊक पेढीत आणि रोजंदार मजूर जेथे काम मिळण्याच्या आशेने उभे राहतात अशा एका दुकानाच्या आवारात शिरले. कित्येकांच्या चेहऱ्यांवर बुरखे होते. त्यांनी माणसे पकडली, गाड्यांत घातली आणि नेली. बातमी पसरताच लोक जमले. घोषणा झाल्या, अश्रुधूर झाला, आणि कामगार संघटनेचे एक प्रमुख पुढारी डेव्हिड वेर्टा जखमी होऊन अटकेत पडले.

एवढ्यावर हे प्रकरण थांबते, तर आम्हांला मुखपृष्ठावर ही जागा त्यासाठी काढण्याचे कारण नव्हते. परंतु दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डचे दोन हजार सैनिक आपल्या हुकमतीखाली घेण्याचा आदेश काढला. राज्याचे गव्हर्नर न्यूसम ह्यांनी सैन्य मागितले नव्हते. त्यांचा त्यास उघड विरोध होता. महापौर श्रीमती कॅरन बॅस ह्यांनीही विरोध केला. सैन्य आले, आणि आल्यामुळे जमाव वाढला. हमरस्ता अडविला गेला, चालकावाचून धावणाऱ्या भाड्याच्या मोटारी पेटविल्या गेल्या. मग आणखी दोन हजार गार्ड, आणि त्यांच्या जोडीला सातशे मरीन सैनिक! १० जून रोजी शहराच्या मध्यभागी सुमारे एक चौरस मैल क्षेत्रात रात्रीची संचारबंदी पुकारावी लागली. एका राष्ट्रीय सरकारने आपल्याच शहरात सैन्य उतरवावे आणि त्या राज्याच्या लोकनियुक्त प्रमुखांनी त्यास न्यायालयात खेचावे, असा हा देखावा होता.

आमच्याकडील वाचकांत ह्या घटनेविषयी दोन सुलभ मते आढळतात. एक असे की, कायदा तो कायदा. विनापरवाना आलेल्यांस घालवून द्यावे, त्यात आक्रोश कसला? दुसरे असे की, अमेरिकेत आता हुकूमशाही आली. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही मते विचाराचे कष्ट वाचविणारी आहेत. पहिल्यास हे दिसत नाही की, लॉस एंजेलिसमध्ये कायद्याचा भंग केल्याचा आरोप केवळ मजुरांवर नव्हता, सरकारवरही होता. दुसऱ्यास हे दिसत नाही की, हद्दपारीचे वचन देऊनच श्री. ट्रम्प २०२४ ची निवडणूक जिंकले, आणि त्या वचनास मत देणारे कोट्यवधी लोक काही सारेच दुष्ट नव्हेत. २०२२ व २०२३ ह्या दोन्ही सरकारी वर्षांत दक्षिण सीमेवर अडविण्याच्या घटना वीस लाखांच्या वर गेल्या होत्या. हे पाहून अस्वस्थ होणाऱ्या नागरिकास वर्णद्वेष्टा म्हणून निकालात काढणे ही डेमोक्रॅटिक पक्षाची चूक होती, आणि तिची किंमत त्या पक्षाने भरली.

प्रश्नाचे मर्म मात्र सैन्यापाशी आहे. राज्याच्या गव्हर्नरने मागितले नसता अध्यक्षाने त्या राज्याचे गार्ड परभारे ताब्यात घ्यावे, असे यापूर्वी १९६५ मध्ये घडले होते. अलाबामातील सेल्मा येथून निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चास गव्हर्नर वॉलेस संरक्षण देईनात, म्हणून लिंडन जॉन्सन ह्यांनी ते केले. त्याआधी १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाता यावे म्हणून आयझेनहॉवर ह्यांनी गव्हर्नर फॉबस ह्यांच्या हातून गार्ड काढून घेतले आणि वर छत्रीसैनिकही धाडले. तेव्हा ‘राज्यांचे हक्क’ म्हणून ओरड करणारे लोक वर्णभेदाचे कैवारी होते. आणि जगभरच्या उदारमतवाद्यांनी, त्यांत भारतीयही आले, आयझेनहॉवर ह्यांची वाहवा केली होती. मग ज्या अधिकाराचे तेव्हा स्वागत केले, त्याचाच आज निषेध का? ट्रम्प ह्यांचे समर्थक हा प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्याजोगा नाही.

आमच्या मते त्याचे उत्तर आहे. लिटल रॉक काय किंवा सेल्मा काय, दोन्ही ठिकाणी सैन्याच्या पाठीशी न्यायालयाचा हुकूम होता. गव्हर्नर न्यायालयास जुमानीत नव्हते आणि अध्यक्ष न्यायालयाचा शब्द खरा करीत होते. लॉस एंजेलिसमध्ये न्यायालयाचा कोणताही हुकूम मोडला गेलेला नव्हता, शहराचे पोलीस दल काम करीत होते, आणि न्यायालय सैन्याच्या पाठीशी नव्हे तर समोर उभे ठाकले. ज्या कलमाचा आधार अध्यक्षांनी घेतला, त्यास परचक्र, बंड, किंवा नियमित बळाने कायद्याचा अंमल करणे अशक्य होणे, ह्यांपैकी एक परिस्थिती लागते. शिवाय हुकूम गव्हर्नरच्या द्वारे निघावा असेही त्यात आहे. न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर ह्यांनी १२ जून रोजीच बंड असे काही झालेले नाही, असा निर्णय दिला. त्याच रात्री अपील न्यायालयाने त्यास स्थगिती दिली, आणि आठवड्याने तीन न्यायाधीशांनी एकमताने सैन्य तूर्त अध्यक्षांकडेच ठेविले. ह्या तिघांत डेमोक्रॅटिक अध्यक्षाने नेमलेले एक न्यायाधीशही होते, हे लक्षात घेतले पाहिजे. २ सप्टेंबर रोजी ब्रेयर ह्यांनी दुसरा निर्णय दिला: सैनिकांकडून पोलिसांचे काम करवून सरकारने १८७८ चा कायदा मोडला आहे. ह्या कायद्याचा जन्म मात्र फारसा उदात्त नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे रक्षण करणारे मध्यवर्ती सैन्य नकोसे झालेल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी तो करवून घेतला होता. दीडशे वर्षांनी तोच कायदा मेक्सिकन मजुरांच्या कामी यावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. पहिल्या साठ दिवसांच्या तैनातीचा खर्च संरक्षण खात्याने १३ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे अकराशे कोटी रुपयांहून अधिक, सांगितला होता. इतका खर्च करून एक चौरस मैलाची शांतता राखली गेली.

आता ज्यांच्यासाठी हे रण माजले ती माणसे कोण? अमेरिकेने त्यांना एका हाताने बोलावले आणि दुसऱ्या हाताने हाकलले, असा हा शतकाचा व्यवहार आहे. मंदीच्या काळात, २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, ह्याच शहरातील ‘ला प्लासिता’ नावाच्या चौकाच्या वाटा रोखून सुमारे चारशे लोकांची झडती घेण्यात आली होती. त्या दशकात मेक्सिकोत लोटलेल्यांत अमेरिकेतच जन्मलेले नागरिक असंख्य होते. पुढे महायुद्ध आले, मजूर अपुरे पडू लागले. तेव्हा १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून सरकारनेच शेतमजूर आणविले, आणि ही योजना १९६४ पर्यंत चालली. ती चालू असतानाच १९५४ मध्ये हद्दपारीची प्रचंड मोहीमही काढली! १९८६ मध्ये रेगन ह्यांच्या अमदानीत सुमारे सत्तावीस लाख लोकांस कायदेशीर दर्जा मिळाला. त्याबरोबर बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांस दंड करण्याचे ठरले होते, ते बव्हंशी कागदावरच राहिले. आज अमेरिकेच्या पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्के विनापरवाना आहेत, असे तेथील मजूर खात्याच्याच पाहणीवरून दिसते. लॉस एंजेलिसमध्ये धाडी चालू असतानाच, १२ जून रोजी, खुद्द अध्यक्षांनी कबूल केले की, शेतकरी आणि हॉटेलमालक आपली जुनी, चांगली माणसे जात असल्याची तक्रार करीत आहेत. शेते आणि हॉटेले वगळण्याचा हुकूम निघाला; काही दिवसांत तो फिरला. सौम्यपणे बोलावयाचे तर, हे धोरण नव्हे.

धोरण करण्याचे काम काँग्रेसचे. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी व्यापक सुधारणेचे विधेयक संमत केले; प्रतिनिधिगृहाने ते मतासही घातले नाही. २०२४ च्या प्रारंभी दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी सीमेविषयी तडजोड तयार केली, श्री. ट्रम्प ह्यांनी विरोध करताच रिपब्लिकनांनी ती टाकून दिली. पुढे ४ जुलै २०२५ रोजी जो अर्थविषयक कायदा झाला, त्यात इमिग्रेशन अंमलबजावणी खात्यास सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले. कायदा सुधारण्यास मते मिळत नाहीत आणि धाडी घालण्यास पैसा मिळतो, अशी ही स्थिती आहे.

निदर्शकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. बहुसंख्य शांत होते, १४ जूनच्या देशव्यापी निदर्शनांत तर विशेषच. परंतु पुलावरून पोलिसांच्या मोटारींवर दगड आणि काँक्रीटचे तुकडे फेकणारे, मोटारी जाळणारे तरुण नेमके काय साधत होते? ज्वाळांचे ते छायाचित्र सरकारला हवेच होते. ज्या मजुरास पकडले गेले तो त्या छायाचित्रात नव्हता; त्याचे कुटुंबही नव्हते. १९९२ च्या दंगलीत ह्याच शहरात साठांहून अधिक माणसे मेली होती आणि तेव्हाचे गव्हर्नर व महापौर ह्यांनी स्वतः सैन्य मागविले होते. २०२५ मध्ये तसे काहीच घडले नव्हते, हे ज्यांना जगाला पटवावयाचे होते, त्यांचे काम ह्या मूठभरांनी अवघड केले.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेच्या फळ्यापुढे काढली आहेत, म्हणून येथे जरा थांबण्याची मुभा वाचक देतील अशी आशा आहे. शाळा, देवळे व रुग्णालये येथे धाडी घालू नयेत, हा वर्षानुवर्षांचा निर्बंध २०२५ च्या जानेवारीत उठविण्यात आला. एप्रिलमध्ये मध्यवर्ती सरकारचे अधिकारी लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांच्या दारांशी येऊन उभे राहिले. काही लहान मुलांची ‘विचारपूस’ करावयाची होती. दोन्ही मुख्याध्यापकांनी त्यांना आत येऊ दिले नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे की, आईबापांनी मुलास कसे आणले ह्याचा दंड मुलाच्या शिक्षणास देता येत नाही. पण तो निर्णय त्या सकाळी दारात उभा राहावयास आला नव्हता, मुख्याध्यापक आले होते. दोन महिन्यांनी, धाडींच्या त्या आठवड्यात, पदवीदानाचे समारंभ होते. मुलीला व्यासपीठावर पाहावयास आलेल्या आईला कोणी उचलून नेऊ नये म्हणून शाळाखात्याने आपले पोलीस सभास्थानांभोवती उभे केले. वर्गात हजेरी घेताना एखादे नाव पुकारावे आणि उत्तर येऊ नये, एवढ्याने शिक्षकाच्या मनात काय काय येते, ते शिक्षकालाच ठाऊक.

सैन्याहूनही दूरगामी असा प्रश्न रस्त्यावरच्या अडवणुकीचा आहे. वर्ण, स्पॅनिश बोली, उभे राहण्याची जागा आणि कामाचा प्रकार एवढ्यावरूनच कोणास अडवू नये, असा मनाईहुकूम एका जिल्हा न्यायाधीशांनी ११ जुलै रोजी दिला. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो स्थगित केला, आणि बहुमताने कारणेही दिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ ह्यांनी आपल्यापुरते लिहिले की, वंश एकटा पुरेसा नाही, पण इतर गोष्टींबरोबर तो विचारात घेता येईल. जो कायदेशीर रहिवासी असेल तो थोड्या वेळाने सुटेल. श्रीमती सोतोमायोर व दोन न्यायमूर्तींनी कडक भिन्नमत दिले. सुटेल हे खरे. परंतु ज्या नागरिकास आपल्या गावात आपण नागरिक आहोत हे वारंवार सिद्ध करावे लागते आणि ज्यास लागत नाही, ते दोघे समान नागरिक आहेत असे म्हणणे कठीण आहे.

आपण हे केवळ प्रेक्षक म्हणून पाहावे, अशीही स्थिती नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकन लष्करी विमानातून हातापायांत बेड्या घातलेले १०४ भारतीय परत आले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. आणि लॉस एंजेलिसच्याच न्यायालयांशी निगडित असे एक जुने भारतीय प्रकरण आज फारसे कोणास आठवत नाही. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेत जन्मलेले गृहस्थ १९०६ मध्ये अमेरिकेस गेले, १९१४ मध्ये तेथील नागरिक झाले आणि लॉस एंजेलिसमध्ये वकिली करू लागले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात भारतीय हे ‘गोरे’ नव्हेत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत, असे ठरविले. त्या खटल्यात थिंड ह्यांच्या वकिलांत पंडित होते. निर्णय लागताच सरकारने जुन्या भारतीय नागरिकांचे नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला, आणि पंडितांवरही खटला भरला. त्यांचे म्हणणे असे होते की, तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केले. त्या शब्दावर विसंबून मी व्यवसाय मांडला, विवाह केला, घर केले, मायदेशातील हक्क सोडले. आता तो शब्द मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद ऐकण्यास नकार दिला, आणि इतर भारतीयांवरील खटले ओसरले.

विनापरवाना मजुराची गोष्ट पंडितांहून वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. त्याच्या हाती न्यायालयाचा कागद नाही. परंतु वीस वर्षे त्याच्याकडून कर घ्यावा, त्याने शिवलेले कपडे ल्यावे, त्याने तोडलेली फळे खावी, त्याच्या मुलांस नागरिक म्हणून शाळेत घ्यावे, आणि मग एके सकाळी बुरखाधारी माणसे पाठवावी, ह्यात राष्ट्राने काहीच शब्द दिला नव्हता असे म्हणता येईल काय?

२३ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या प्रकरणात अध्यक्षांना गार्ड उतरविण्यास तूर्त परवानगी नाकारली. वर्षअखेरीस श्री. ट्रम्प ह्यांनी शिकागो, पोर्टलंड आणि लॉस एंजेलिस येथून गार्ड मागे घेण्याचे जाहीर केले. सैनिक गेले, इमिग्रेशन खात्याचे अधिकारी राहिले. २०२६ च्या जानेवारीत मिनियापोलिस येथे मध्यवर्ती अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी तीन आठवड्यांच्या आत दोन माणसे मेली. दोघेही अमेरिकन नागरिक होते.