आणखी एक वर्ष पाहू

आमच्या घरी ऑक्टोबर उजाडला की दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीचा वास आणि बाहेरच्या खोलीत नातवाचं अमेरिकन बास्केटबॉल. एरवी ज्याला सात वाजता उठवायला तीन हाका आणि एक धमकी लागते, तो आमचा कॉलेजकुमार सामन्यासाठी पहाटे पाचला गजर व्हायच्या आधी उठून बसलेला असतो. परवा चहाच्या वेळी कुठलीशी बातमी वाचत त्याने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही इतकी वर्षं माणसं नेमायचं काम केलंत. सांगा बरं, तीन वर्षं खेळलेल्या बाविशीतल्या पोराचा करार संघाने आत्ताच वाढवून टाकावा, की आणखी एक वर्ष पाहावं?"

मी कप खाली ठेवला. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी २८ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. "आणखी एक मुदत पाहावी" हा शेरा या हाताने किती फायलींवर मारला असेल, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे प्रश्न अमेरिकेचा असला तरी मला तो घरचाच वाटला. नातवाकडून सगळं समजावून घेतलं, जुन्या नोंदी चाळल्या, आणि जे मत झालं ते आज मांडतो आहे.

आधी नियम. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत नवे खेळाडू दरसाल 'ड्राफ्ट'मधून येतात; संघ पाळीपाळीने एकेक मुलगा निवडतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा करार चार वर्षांचा. त्यातली पहिली दोन पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पगार ठरतो तो त्याचा नंबर कितवा लागला त्यावरून, घासाघिशीला फारसा वाव नाही. तिसरा हंगाम संपला की संघाला त्याच्यापुढे लांब मुदतीचा नवा करार ठेवता येतो. सह्या मात्र पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत व्हायला हव्यात. पूर्वी ही मुदत ३१ ऑक्टोबर असे. नाही झाल्या, तर मुलगा चौथं वर्ष जुन्याच पगारावर खेळतो आणि उन्हाळ्यात बाजारात उभा राहतो. तेव्हाही दुसऱ्याने देऊ केलेली रक्कम आपण द्यायला तयार असलो, तर मूळ संघाला त्याला ठेवून घेता येतं. म्हणजे थांबल्याने मुलगा लगेच हातचा जातो असं नाही. थांबणं शहाणपणाचं वाटतं ते यामुळेच.

हे नियम मुळात मालकांनी स्वतःच्याच उधळेपणाला घातलेले लगाम आहेत. १९९४ साली मिलवॉकीने ग्लेन रॉबिन्सन या मुलाशी, तो एनबीएत एकही सामना खेळलेला नसताना, दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी नवोदितांना आपल्या सरकारी नोकरीसारखी वेतनश्रेणी लागू झाली. १९९७ मध्ये मिनेसोटाने २१ वर्षांच्या केविन गार्नेटचा करार सहा वर्षांनी वाढवला, १२ कोटी ६० लाख डॉलरना! मालकाने अख्खा संघ याहून कमी पैशांत विकत घेतला होता. मालकमंडळी हादरली. १९९८ मध्ये त्यांनी चक्क टाळेबंदी केली. ती उठेपर्यंत जानेवारी १९९९ उजाडला, ८२ सामन्यांचा हंगाम ५० सामन्यांवर आला आणि एका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं, याला मर्यादा पडली. ती आजही आहे.

आता थांबणाऱ्यांची बाजू. तिच्यात तथ्य नाही असं मुळीच नाही. पोर्टलंडच्या ब्रँडन रॉयचं उदाहरण घ्या. पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. २००९ च्या उन्हाळ्यात संघाने जराही वेळ न दवडता पाच वर्षांचा, सुमारे आठ कोटी डॉलरचा करार त्याच्या हाती ठेवला. कोणी नावं ठेवली नाहीत. शंका घ्यायला जागाच नव्हती. पण गुडघे दगा देऊ लागले. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याने खेळ थांबवला. पुढे मिनेसोटाकडून परतायचा प्रयत्न केला, तोही पाच सामन्यांत संपला. वाढवलेल्या कराराची बहुतेक रक्कम पोर्टलंडला न खेळणाऱ्या माणसासाठी मोजावी लागली. हिशेबनीस म्हणेल, वर्षभर थांबले असते तर काय बिघडलं असतं?

थांबून साधल्याचंही उदाहरण आहे. सान अँटोनियोच्या क्वाय लेनर्डला २०१४ च्या अंतिम फेरीत, वयाच्या २२व्या वर्षी, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. तरी त्या ऑक्टोबरात संघाने करार वाढवला नाही. कारण त्याच्याबद्दलची शंका नव्हती, वहीतली तरतूद होती. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला ठरावीक कमाल रक्कम असते. लेनर्डशी सह्या व्हायच्या आधी त्याच्या नावावर लहान रक्कम लागत होती, सह्या होताच मोठी लागली असती. त्या फरकाच्या जागेत २०१५ च्या उन्हाळ्यात संघाने लामार्कस ऑल्ड्रिज हा मोठा खेळाडू आणला आणि लगोलग लेनर्डला नियमात बसेल तेवढा पाच वर्षांचा करार दिला. हे थांबणं मला मान्य आहे, कारण यात सांगण्यासारखं कारण होतं आणि त्याची मुदत ठरलेली होती.

इथवर ऐकून घेतल्यावर आमची ही भाजणी चाळता चाळता म्हणाली, "अहो, तुम्ही सगळे संघाच्याच बाजूने बोलताय. त्या मुलाच्या आईला विचारा. ती म्हणेल, मिळतंय तर सही करून मोकळा हो."

नातू म्हणाला, "आजी, स्टीफन करीने तेच केलं!"

खरंच केलं होतं. २०१२ साली करी हे नाव ऐकलं की लोक आधी घोट्याची चौकशी करत. आदल्या हंगामात ६६ पैकी जेमतेम २६ सामने तो खेळला होता. घोट्यावर शस्त्रक्रियाही झालेल्या. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, त्याने गोल्डन स्टेटबरोबर चार वर्षांच्या ४ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर सही केली. घोटा गेला असता तर लोक संघाला हसले असते. घोटा टिकला. २०१५ मध्ये तो संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच वर्षी संघाने विजेतेपद मिळवलं, पुढच्या वर्षी सर्वोत्तमचा मान पुन्हा त्यालाच. आणि २०१६-१७ च्या हंगामात तो आपल्याच संघात पगाराच्या यादीत चौथ्या नंबरवर होता! या वाचलेल्या पैशांचा केविन ड्युरांटला आणताना संघाला उपयोग झाला. २०१७ मध्ये करीला पाच वर्षांचे २० कोटींहून अधिक डॉलर मिळाले. म्हणजे त्याचं नुकसान झालं का? कागदावर काही वर्षं झालं. पण ज्या दिवशी सही केली त्या दिवशी दुखरा घोटा त्याचा एकट्याचा होता, आणि सहीनंतर त्याची निम्मी काळजी संघाकडे गेली. हिचं म्हणणं तेच होतं.

पण मला सगळ्यात विचार करायला लावलं ते ओक्लाहोमा सिटीने. २०१२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोचला. ड्युरांट, वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन, तिघंही चोविशीच्या आतले. पहिल्या दोघांचे मोठे करार आधीच झालेले, इबाकाचाही त्याच ऑगस्टमध्ये झालेला. हार्डनसाठी मागणी आणि देकार यांत काही लाख डॉलरचं अंतर राहिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. मुदत संपायला चार दिवस असताना संघाने त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. ह्यूस्टनने लगेच त्याला सुमारे आठ कोटी डॉलरचा करार दिला. हार्डन २०१८ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमाला पुन्हा अंतिम फेरी दिसायला २०२५ साल उजाडावं लागलं. संघाचा कारभार पाहणारे सॅम प्रेस्टी यांच्यावर किती टीका झाली असेल, ते सांगायला नको. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं: छोट्या शहराचा संघ, मर्यादेबाहेर खर्च गेला की जबर कर, आणि चार मोठे पगार. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित तेच केलं असतं.

नऊ वर्षांनी त्याच प्रेस्टींच्या टेबलावर तोच प्रश्न पुन्हा आला. मुलाचं नाव शे गिल्जस-अलेक्झांडर. संघाची अवस्था अशी की २०२०-२१ च्या हंगामात ७२ पैकी ५० सामने हरलेले. मुलगा स्वतः पायाच्या दुखण्याने निम्म्या सामन्यांना बाहेर. "आणखी एक वर्ष पाहू" म्हणायला याहून चांगलं निमित्त कोणतं? पण ऑगस्ट २०२१ मध्ये संघाने त्याला नियमातला कमाल, पाच वर्षांचा करार दिला. २०२५ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, अंतिम फेरीतही सर्वोत्तम ठरला आणि ओक्लाहोमाने विजेतेपद पटकावलं. या वेळी वहीत जागा होती, हे खरं. पण हरणाऱ्या संघातला, दुखऱ्या पायाचा मुलगा पाहून ज्यांनी सही केली, त्यांनी नुसती आकडेवारी पाहिली नव्हती, असं मला वाटतं. रोज सरावाला येणारा मुलगा तीन वर्षांत कसा वाढला, हे घरच्यांना दिसतं. बाजाराला ते वर्षभरानंतर दिसतं आणि तोवर भाव चढलेला असतो.

आता माझी गोष्ट. १९८८ च्या सुमाराला साताऱ्याकडचा एक तरुण टर्नर आमच्याकडे तात्पुरता लागला. त्या काळी तात्पुरत्या कामगाराचे २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, त्याआधी 'ब्रेक' द्यायचा आणि मग पुन्हा घ्यायचं, ही सर्रास रीत होती. मुलाचा हात चांगला होता. फोरमनने दोनदा लिहून दिलं, कायम करावा. दोन्ही वेळा मी शेरा मारला, आणखी एक मुदत पाहावी. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला फक्त निर्णय पुढे ढकलायचा होता. दुसऱ्या ब्रेकमध्ये पोट भरायला तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेसवर उभा राहिला आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावून बसला. आमच्या दप्तरी तो त्या दिवशी कामगारच नव्हता. कारखान्याला एका पैशाची तोशीस पडली नाही. माझी फाईल निर्दोष होती.

म्हणून रॉयकडे मी हिशेबनिसाच्या नजरेने पाहू शकत नाही. पोर्टलंडचे पैसे गेले, संघ मात्र उभा राहिला. सत्ताविसाव्या वर्षी गुडघे संपलेल्या माणसाच्या हाती निदान सही केलेला कागद होता. करार असतो तो यासाठी. थांबणं म्हणजे धोका टाळणं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या एका वर्षाचा धोका सोसण्याची ऐपत ज्याच्यात सगळ्यात कमी, त्या पोराच्या अंगावर आपण तो ढकलत असतो.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळं उत्तर सापडलं होतं. मुंबईच्या नागपाड्यातल्या कोर्टांवर घडलेल्या पोरांना कोट्यवधींचे करार कुणी दिले नाहीत. पण रेल्वे, पोलीस, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी दुसऱ्या दिवशी टेबल शाबूत. या व्यवस्थेत खेळाची धार बोथट होते, अशी तक्रार मीही केली आहे. ती खोटी नाही. पण मुलाला खेळायला पाठवताना कित्येक आईबापांना झोप लागली ती त्या नोकरीच्या भरवशावर.

तेव्हा नातवाला मी उत्तर दिलं ते असं. मुलगा तीन वर्षांत दरवर्षी पुढे सरकलाय का, ते पाहा. संघ हरत असताना, कुणी टाळ्या वाजवत नसताना तो सरावाला वेळेवर येतो का, ते पाहा. ही दोन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर ऑक्टोबरातच सही करा. थांबायचंच असेल तर लेनर्डसारखं, कारण आणि मुदत दोन्ही सांगता येण्यासारखी असतील तरच थांबा. कारण सांगता येत नसेल, तर आपण मुलाला जोखत नाही, स्वतःचा निर्णय टाळतो आहोत.

"आणि पोरगा पुढे फुकट गेला तर?" नातवाने विचारलं.

जाईलही. दहांतला एखादा जातोच. संघाचे एक-दोन हंगाम वाईट जातील, साहेबांना चार शब्द ऐकावे लागतील. साहेबाला पगार असतो तो ते ऐकून घेण्यासाठीच.

वाचकांपैकी कुणाच्या टेबलावर अशी एखादी फाईल पडून असेल. मुलगा चांगला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, फोरमनने लिहूनही दिलं आहे. दिवाळी आठवड्यावर आली आहे. ती फाईल उद्या सोमवारी काढा.