लंगडणारा घोडा आणि न लंगडणारा कॅडेट

आपल्या पागेतला घोडा लंगडू लागला, तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. उस्ताद त्याला कडक जमिनीवर दुडकीत पळवून पाहतात, नालबंद खूर उचलून तपासतो, पशुवैद्य येतात, रजिस्टरमध्ये तारीख पडते आणि घोडा विश्रांतीला जातो. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. इंटर-हाउस स्पर्धा असो की वार्षिक दिन, त्या घोड्यावर खोगीर चढत नाही. त्याच मैदानावर कॅडेट लंगडू लागला, तर तो आधी इकडेतिकडे पाहतो, आणि कोणी पाहत असेल तर सरळ चालायला लागतो.

गेल्या सप्टेंबरपासून हा फरक मी आठवड्यातून दोनदा पाहतो आहे, कारण सप्टेंबरपासून मी स्वतःच विश्रांतीला काढलेला स्वार आहे.

मी शाळेत गणित शिकवतो. आम्हा सोलापूरकडच्या माणसांना घोडा माहीत असतो तो वरातीतला. इथे राजस्थानात नोकरीला आल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सहावीच्या मुलांबरोबर मी पहिल्यांदा रिकिबीत पाय घातला. दोन वर्षांत हौसेचे रूपांतर बेतात झाले. येत्या फेब्रुवारीत चाळीस किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड चांदणी या मारवाडी घोडीवर करायची, असा तो बेत होता. वेळापत्रक भिंतीवर लावले होते. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि कमरेतून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकून नसेवर दाबत असल्याचे दिसले. घोड्यावरून पडलो असतो तर निदान सांगायला बरे वाटले असते! डॉक्टरांनी सांगितले, तीन महिने खोगीर नाही, त्यानंतर पाहू, फेब्रुवारीचे विसरा.

त्यांनी एक इशाराही दिला, तो इथे मुद्दाम लिहितो, कारण पाठ दुखणारे पालक आणि प्रशिक्षक हे पान वाचतात. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो झुपका असतो, त्याला वैद्यकात कॉडा इक्वायना म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घोड्याची शेपटी. हा झुपका दाबला गेला, तर नेमका खोगिराला टेकणारा भाग बधिर होतो आणि लघवीवरचा ताबा जाऊ लागतो. तसे झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. उशीर झाला तर नुकसान कायमचे होऊ शकते. घोडेस्वाराला समजावे अशाच भाषेत शरीररचनाशास्त्रज्ञांनी ही नावे ठेवली आहेत, असे वाटून मला त्या दुखण्यातही हसू आले.

जी शर्यत हुकली, तिच्याबद्दल थोडे सांगायला हवे. एन्ड्युरन्समध्ये सर्वांत वेगवान घोडा जिंकतोच असे नाही. प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट गेट असते. तिथे ठरलेल्या वेळात घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टपर्यंत खाली यावे लागतात. मग पशुवैद्य त्याला दुडकीत पळवून चाल पाहतात. ठोके उतरले नाहीत किंवा पाऊल चुकले, तर घोडा बाद, आणि त्याच्याबरोबर स्वारही. तिथे हुज्जत चालत नाही. ‘माझा घोडा मनाने खंबीर आहे’ हे पशुवैद्याला ऐकवून उपयोग नसतो.

हा नियम मोठ्या मैदानांवरही तितकाच कडक आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संघातला हृदय छेडा वैयक्तिक प्रकारातही पदकाच्या शर्यतीत होता. अंतिम फेरीत घोड्याच्या पायावर रक्ताचा ठिपका दिसला आणि तो बाद झाला. एका ठिपक्यासाठी पदक गेले. हळहळ सर्वांनाच वाटली. पण तो नियम काढून टाका, असे घोडेस्वारीच्या जगात कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो दुबळा दिसतो, त्याच्यावर वाघ आधी झेप घेतो. म्हणून दुखणे लपवणे घोड्याच्या रक्तातच आहे. उस्तादांना हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ते रोज सकाळी चारही पायांवरून हात फिरवतात, कुठे गरम लागते का पाहतात. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दाखवले होते. घोडा तक्रार करत नाही, म्हणून आपण त्याला रोज तपासतो. कॅडेटही तक्रार करत नाही. त्याला मात्र आपण तीस मुलांसमोर फक्त विचारतो, “काही त्रास?” आणि तो ओरडतो, “नाही सर!”

माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा ऑक्टोबरमध्ये उडीच्या सरावात पडला. हात टेकून पडला, उठला, पुन्हा बसला. चार दिवस त्याने लगाम डाव्या हातात धरला. त्याच्या हाउसला हे माहीत होते. हाउसनेच त्याला सल्ला दिला होता की शनिवारपर्यंत एम.आय. रूममध्ये जाऊ नकोस. मला ते कळले वर्गात, कारण तो फळ्यावर वर्तुळ काढू शकला नाही. मनगटातले नावेच्या आकाराचे छोटे हाड मोडले होते. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, वेळेवर प्लास्टर पडले नाही तर ते जुळत नाही, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही. याचे वेळेत सापडले. आता प्लास्टर निघाले आहे, पण हाउसमधल्या काही मुलांनी त्याच्याशी बोलणे कमी केले होते. शनिवारी हाउस हरले होते ना!

यावर नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये तो मी अनेकदा ऐकला आहे. लष्करी शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे. सिक रिपोर्टचे दार सताड उघडले तर सोमवारच्या क्रॉस-कंट्रीला निम्मी शाळा पोटदुखीने आडवी होईल. आक्षेप खोटा नाही. बहाणे करणारी मुले असतात. मीही शाळेत असताना भूमितीच्या परीक्षेला ताप आणण्यात पटाईत असलेले वर्गबंधू पाहिले आहेत. पण बहाणेबाज पकडला जातो तो तपासणीनेच. न तपासता सगळ्यांवर संशय घेतला की बहाणेबाज सुटतो आणि प्रामाणिक मुलगा गप्प बसतो.

दुसरे म्हणजे, सोसणे आणि लपवणे या दोन गोष्टी आपण एकाच पारड्यात टाकतो. थंडी, भूक, थकवा, फोड आलेली टाच, मांड्या सोलवटणे हे सोसायलाच हवे. त्यासाठीच पालकांनी मुले इथे पाठवली आहेत. पण डोक्यावर आपटल्यावर मळमळते आहे, किंवा नडगीचे हाड एकाच जागी रोज जास्त दुखते आहे, हे लपवणे म्हणजे चुकीची परेड स्टेट देणे. ज्या तुकडीत प्रत्येक जण ‘ठीक आहे’ म्हणतो, तिच्या कमांडरला आपल्याकडे नक्की किती माणसे उभी आहेत हे कळतच नाही. मेंदूला एकदा मार बसून तो बरा होण्याआधी दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकते. नडगीची चीर दुर्लक्षित राहिली तर हाड पूर्ण मोडते. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाडांची टोके अजून वाढत असतात, तिथली इजा वाढीवरच परिणाम करू शकते. या गोष्टी धैर्याने बऱ्या होत नाहीत.

भीती कसली असते, तेही समजून घ्यायला हवे. आपल्या मुलांची नजर खडकवासल्यावर असते. एन.डी.ए.मध्ये दुखापतीमुळे प्रशिक्षण बुडाले की कॅडेट एक टर्म मागे पडू शकतो, हे त्यांना नववीतच माहीत होते. सेनेत वैद्यकीय श्रेणी घसरली की काय होते, हे ज्यांचे वडील फौजेत आहेत त्यांनी घरात पाहिलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतावे लागलेल्या ऑफिसर कॅडेट्सच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा बारावीच्या मुलांत त्यावर बरीच कुजबुज झाली. त्यातून काहींनी धडा घेतला तो असा की, दुखापत दाखवायचीच नाही. मला तो धडा उलटा वाटतो. सेनेतही तात्पुरती खालची श्रेणी असते, ठरलेल्या मुदतीने पुन्हा तपासणी असते आणि पुन्हा वर येण्याची वाट असते. लपवून मोडलेल्या हाडाला ती वाट मिळत नाही.

अशा वेळी असेंब्लीत हमखास सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे लिस हार्टेलची. डेन्मार्कची ही घोडेस्वार १९४४ मध्ये पोलिओने आजारी पडली. गुडघ्यांखाली तिचे पाय कायमचे अधू झाले, आणि तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, स्त्रियांना ड्रेसाजमध्ये पहिल्यांदाच प्रवेश मिळाला तेव्हा, तिने रौप्यपदक जिंकले. गोष्ट खरी आहे आणि थोरही आहे. पण आपण ती दोन वाक्यांत सांगतो, आणि मधली आठ वर्षे गाळतो. त्या आठ वर्षांत हात-पाय पुन्हा हलवायला शिकणे होते, घोड्यावर चढवायला-उतरवायला दुसऱ्याची मदत घेणे होते. हेलसिंकीतही तिला ती मदत लागली आणि तिने ती सर्वांसमोर घेतली. ‘मला मदत लागते’ हे ती लपवत बसली असती, तर घोड्यावर चढली तरी कशी असती?

मला शाळेकडून जे हवे आहे, ते फार खर्चिक नाही. राइडिंगमध्ये पडलेला प्रत्येक मुलगा, मग तो हसत उठलेला का असेना, त्याच दिवशी एम.आय. रूममध्ये जाऊन यावा. त्याला विचारायचे नाही, पाठवायचे. पडझडीची नोंद घोड्यांच्या रजिस्टरसारख्याच रजिस्टरमध्ये व्हावी. दुखापत सांगणाऱ्या मुलाच्या जागी राखीव स्वार उतरला, तर हाउसचे गुण कापले जाऊ नयेत. सध्या कापले जातात, आणि त्या नवव्या इयत्तेतल्या मनगटाचे मूळ मला तिथेच दिसते. परतही एकदम नको. विश्रांतीहून आलेल्या घोड्याला उस्ताद आधी हाताने चालवतात, मग खोगिराखाली नुसती चाल, मग सरळ रेषेत दुडकी, आणि वर्तुळे सगळ्यांत शेवटी. कॅडेटचा कागद एका सहीने ‘फिट’ होतो आणि दुपारी तो उड्यांवर असतो.

आणि विश्रांतीतल्या मुलाला पागेबाहेर काढू नका. मला वाकायला, उचलायला मनाई आहे, म्हणून खरारा आणि खोगीर बंद. पण ठोके मोजणे, ताप घेणे, रजिस्टर लिहिणे ही कामे मंगळवारी आणि शुक्रवारी मी करतो. प्लास्टरवाला मुलगाही एका हाताने माझ्याबरोबर हेच करत होता. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके अठ्ठावीस ते चव्वेचाळीसच्या दरम्यान असतात, हे आता त्याला पाठ आहे, आणि कुठला घोडा कुठल्या पायाने मान उचलतो हे तो माझ्या आधी सांगतो.

पालकांसाठी एकच विनंती. त्या ऑक्टोबरच्या शनिवारनंतर मुलाच्या वडिलांचा फोन आला. पहिला प्रश्न होता, “सर, टीममधली जागा राहील ना?” त्यांना दोष देत नाही, काळजीपोटीच विचारले त्यांनी. पण मुलगा शेजारी उभा होता आणि फोन स्पीकरवर होता.

माझी डिसेंबरची तपासणी बरी गेली. अंगठ्याचा बधिरपणा कमी झाला आहे. उस्तादांनी लांब दोरीवर धरलेल्या घोड्यावर दहा मिनिटे नुसती चाल, एवढी परवानगी मिळाली आहे. चांदणी फेब्रुवारीत चाळीस किलोमीटर जाईल, पण अकरावीच्या एका कॅडेटला घेऊन. व्हेट गेटवर तिचे ठोके मोजायला मी उभा असेन.