एक गादी, दोन भाऊ

हॉलिवूडच्या ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि जोन फाँटेन या सख्ख्या बहिणींचे वैर गाजले. ऑलिव्हिया तर १०४ वर्षे जगली! काशीच्या अमृतराव घाटामागेही अशीच भाऊबंदकी आहे. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव थोरले. पण पेशवाई मिळाली औरस बाजीरावांना. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे जिंकले, बाजीराव वसईला पळाले, कारभार अमृतरावांकडे आला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावांना परत गादीवर बसवले. अमृतराव सालिना सात लाखांच्या पेन्शनीवर उत्तरेत गेले. काशीचा हा घाट त्यांनी दगडात बांधून घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीरावही आठ लाखांवर गंगाकाठीच, ब्रह्मावर्ताला आले. अमृतराव १८२४ मध्ये वारले. धाकटे बाजीराव त्यानंतर २७ वर्षे जगले, तेही पेन्शनीवरच!