मुसलमानाने ड्रॅगन मारू नये काय?

मी चाळिशीतला माणूस. सोलापुरात सुताच्या दुकानात हिशेब लिहितो, आणि रविवारी जोहरची नमाज झाली की तीन-चार मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून ड्रॅगन मारतो. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि अडचणीच्या जागी वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. रात्री झोपण्याआधी मी जाडजूड फँटसी कादंबऱ्या वाचतो. यात लपवण्यासारखं काही नाही. तरी या छंदाचा जाब मला तीन बाजूंनी विचारला जातो. आज तिघांनाही उत्तर देतो.

पहिली बाजू माझ्या पुरोगामी मित्रांची. ‘दिवस कसले आलेत आणि तू राक्षस-जादूगार घेऊन बसलास?’ असं ते विचारतात. त्यांच्या लेखी मुसलमान म्हणजे एक प्रश्न. त्याने तलाकवर लिहावं, दंगलींवर लिहावं, भाड्याने घर मिळत नाही त्यावर लिहावं. मी लिहिलंय आणि पुढेही लिहीन. पण माझा हिंदू शेजारी रविवारभर क्रिकेट बघतो, तेव्हा त्याला कुणी देशाच्या परिस्थितीची आठवण करून देत नाही. त्याची सुट्टी ही सुट्टी असते, माझी सुट्टी मात्र पळवाट ठरते. हा हिशेब मला मंजूर नाही. ज्याला चोवीस तास पीडित म्हणूनच उभं राहावं लागतं, त्याचं अर्धं माणूसपण तुम्ही आधीच काढून घेतलेलं असतं.

याच सोलापुरात १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी मुसलमानाचं जगणं त्याच्याच शब्दांत मराठीत आलं पाहिजे, यासाठी फकरुद्दीन बेन्नूर सरांच्या पिढीने आयुष्य वेचलं. त्या जगण्यात नुसतं दुःख होतं का? दादीच्या तोंडच्या जिन्न-परींच्या गोष्टी, कॅरमचे अड्डे, गल्लीतल्या ओट्यावरचे पत्त्यांचे डाव हेही आमचंच जगणं. ते साहित्यात का येऊ नये?

दुसरी बाजू घरातल्या वडीलधाऱ्यांची. ‘इत्ता बडा हुआ, अब भी खेलता क्या?’ हा त्यांचा पहिला सवाल, आणि फासे हराम हा दुसरा. पहिल्याला उत्तर सोपं आहे. हॉटेलात तासन्‌तास मोबाईल घासत बसणाऱ्याला कुणी वय विचारत नाही. आम्ही निदान समोरासमोर बसतो, बोलतो, एकमेकांचं ऐकतो.

दुसरा सवाल मी हसण्यावारी नेत नाही. नर्द या फाशांच्या खेळाविरुद्धची हदीस मला माहीत आहे. उलेमांचं बहुमत त्याच बाजूचं आहे, हेही माहीत आहे. पण त्याच फिकहमध्ये बुद्धिबळावर शतकानुशतकं वाद झाला. इमाम शाफईंनी त्याला हराम न म्हणता मकरूह म्हटलं, अट एवढीच की त्यात जुगार नसावा आणि नमाज चुकू नये. म्हणजे आमचे बुजुर्ग खेळाखेळात फरक करत होते, आणि आज मोहल्ल्यात सगळे खेळ एकाच पोत्यात भरले जातात. आमच्या टेबलावर पैसा लागत नाही आणि असरची अजान झाली की डाव थांबतो. आमच्यातला एकजण फाशाला हात लावत नाही. त्याच्यासाठी आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. बिनफाशांचे खेळही भरपूर आहेत. ‘अझूल’ हा २०१७ चा खेळ घ्या. त्यात रंगीत फरशा जुळवून राजवाड्याची भिंत सजवायची असते. पोर्तुगालमधल्या या फरशांना अझुलेजो म्हणतात, आणि हा शब्द मुळात अरबी आहे. अंदलुसच्या मुसलमान कारागिरांचा वारसा जर्मन डिझायनरच्या खोक्यातून परत आमच्या घरी आला, आणि आम्ही त्याला परक्यांचा फालतूपणा म्हणतो!

तिसरी बाजू खुद्द छंदवाल्यांची. पुण्या-मुंबईत खेळायला गेलो की कुणीतरी अगदी प्रेमाने विचारतं, ‘अरे वा, तुमच्यातही हे वाचतात?’ वाचतात म्हणजे काय? अमीर हमजाची दास्तान ऐकलीय कधी? अकबराने तिची सुमारे १४०० चित्रं काढून घेतली. तिचाच भाग असलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३ पासून लखनौच्या मुन्शी नवल किशोर या हिंदू मालकाच्या छापखान्यातून खंडामागून खंड निघाली. त्यातल्या अमर अय्यारकडे झंबील नावाची झोळी आहे, तिच्यात अख्खी शहरं मावतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडूंना अशी अथांग पिशवी चांगली ठाऊक आहे. त्यांचा खेळ १९७४ चा आहे.

आणि मराठी? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या. मराठी वाचकाला अद्भुताची चटक लावण्यात बगदादचाही वाटा आहे. सावंतवाडीचा गंजिफा बघा. नाव फारसी, आणि १२० पानांवर विष्णूचे दहा अवतार. या प्रांतात आम्ही पाहुणे नाही.

उलट, पाहुणचार झाला तो आमचा अपमान करणाऱ्यांचा. मला नार्निया आवडते. पण १९५४ च्या ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये पगडी घालणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे, क्रूर कॅलोर्मेनी लोक कोण आहेत हे कळायला पदवी लागत नाही. तरी पुस्तक फेकून देणं हा यावर उपाय नाही. उपाय एकच, आपली गोष्ट आपण लिहिणं. सलादिन अहमदने २०१२ मध्ये ‘थ्रोन ऑफ द क्रेसेंट मून’ लिहून ते केलं. त्याचा नायक थकलेला, चहाबाज, पोट सुटलेला म्हातारा भूतमार आहे. मराठीत असं पुस्तक का नसावं?

माल तर दारात पडलाय. आमचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीने आदिलशाहीला हुंडा म्हणून दिला, आणि पुढे त्याच्यासाठी पुन्हा तलवारी निघाल्या. हीच चांदबिबी १५९५ मध्ये अहमदनगरच्या तटावर मोगलांविरुद्ध उभी राहिली. हुंड्यात किल्ला, दोन तख्तांमध्ये अडकलेली राणी, वेढा, फितुरी, सगळं आहे. एक ड्रॅगन तेवढा कमी आहे.

तो ड्रॅगन उद्या विजापूर वेशीतल्या किंवा नई जिंदगीतल्या एखाद्या पोरीच्या वहीत उतरेल. तेव्हा तिला समाजाचे प्रश्न आठवून देऊ नका, अभ्यासाची धमकी देऊ नका, ‘तुमच्यातही?’ असं विचारू नका. पान वाचा आणि तिला विचारा, पुढे काय झालं?